बाई अजून कच्च्या आहेत

लष्कराच्या भाकऱ्या भाजायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. काहींना भाकरी भाजता येत नाही आणि काहींना समोरचं लष्कर दिसत नाही. माझे सासरे दुसऱ्या प्रकारातले.

मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी जी हौशी मंडळी असतात, त्यांना शिकवण्याचं काम मी करते. शिकणारे वेगळे, शिकवणारे वेगळे आणि शिकवणाऱ्यांच्या खोडी मोडणारी मी वेगळी. आमचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. चार टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक शिकवणारा आणि एक शिकणारा, आणि मागच्या भिंतीशी एक खुर्ची माझी. शिकणाऱ्यांबद्दल मला कधीच तक्रार नसते. दिवसभर राबून आलेला माणूस मुकाट्याने खाली मान घालून अक्षरं जुळवतो. त्रास असतो तो शिकवणाऱ्यांचा. एक गृहस्थ पहिल्या दिवशी फोटो काढून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी कायमचे पाहुणे येतात. एका निवृत्त मुख्याध्यापिकेला मी फळ्याजवळ पट्टी ठेवली नाही याचं फार वाईट वाटलं होतं. एक तरुण तर विद्यार्थ्याची हकिगत ऐकून असा रडला की त्या बिचाऱ्या गवंड्यालाच उठून त्याला पाणी आणून द्यावं लागलं.

या सगळ्यांची एक खोड मात्र सारखी असते. यांना शांतता सोसत नाही. समोरचा माणूस एखाद्या शब्दाशी अडला की हे लगेच तो शब्द उच्चारून मोकळे. शिकलेल्या माणसाचं तोंड बंद ठेवणं फार अवघड. त्यावर मी एक साधा उपाय काढला आहे. शिकणारा वाचायला लागला की शिकवणाऱ्याने लिंबाची एक कडक गोळी तोंडात ठेवायची आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही. सुरुवातीला सगळे हसतात, आपल्याला काय लहान मूल समजलंय का म्हणतात. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात येतं की गोळी निम्मी व्हायच्या आत अडलेला माणूस स्वतःच पुढे सरकलेला असतो.

मामंजींनी पहिल्या दिवशी गोळी तोंडात टाकली, कडाकडा चावून गिळली आणि बोलायला सुरुवात केली.

मी त्यांना मामंजी म्हणते. 'बाबा' म्हणायला जीभ वळत नाही, आणि त्यांनाही मामंजीच बरं वाटतं, त्यात जरा हुद्दा आहे. ते वीजकंपनीच्या तक्रार विभागात हेडक्लार्क होते. लोकांच्या घरात अंधार असायचा आणि हे त्यांचे अर्ज मजकूर अपुरा म्हणून परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावर अर्ज संपले, पण जित्याची खोड. मग वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारणं सुरू झालं. दूधवाल्याच्या बोलण्यात चुका, शेजाऱ्यांच्या पाटीत चुका, माझ्या भाजी चिरण्यात चुका. सासूबाई होत्या तोवर निम्म्या चुका त्यांच्या वाट्याला जायच्या. त्या गेल्या आणि तो सगळा वारसा माझ्याकडे आला.

एक दिवस आमचे हे म्हणाले, "बाबांना तुझ्या वर्गात घे की. त्यांचाही वेळ जाईल."

मी म्हटलं, "त्यांचा वेळ जाईल, पण समोरच्या माणसाचा जीव जाईल त्याचं काय?"

"अगं, तू आहेस ना लक्ष ठेवायला."

नवऱ्याच्या या 'तू आहेस ना'वर एक वेगळा ग्रंथ लिहिता येईल. माझ्याकडे नेमका एक माणूस कमी होता, म्हणून मी घेतलं.

मामंजींच्या टेबलाशी ज्या बाई आल्या त्या इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. वॉर्डावॉर्डातून आलेल्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, मोठ्या इस्त्रीयंत्रातून काढायच्या आणि गठ्ठे करून परत पाठवायच्या. अनेक वर्षं वाफेत उभं राहून त्यांचा श्वास खराब झाला होता. जिना चढून आल्या की टेबलाला धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि मगच बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता वाफेतून बाहेर पडा. पण बाहेर पडून खाणार काय? धुलाईघरात वाफेपासून लांब अशी एकच खुर्ची होती, पाळीच्या मुकादमाची. दाराजवळ, खिडकीखाली. जुन्या मुकादम बाई लवकरच निवृत्त होणार होत्या. धुलाईघराच्या साहेबांनी या बाईंना शब्द दिला होता की काम तुम्हाला सगळ्यांपेक्षा चांगलं येतं, फक्त गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचता आल्या पाहिजेत आणि पाळी संपताना चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत. तेवढं शिका, मी तुमच्या सरांना विचारतो आणि खुर्ची तुमची.

तर त्या खुर्चीसाठी त्या यायच्या, दर बुधवारी संध्याकाळी.

आता कुणावर खोटा आळ घेऊ नये. मामंजींनी सुरुवातीला बरं शिकवलं. गोळी चावायचे, पण दोनतीनदा मी मागून खाकरले की गप्प बसायचे. बाई हुशार होत्या, भराभर पुढे गेल्या. आणि घरात एक नवल घडलं. मामंजी सुधारले. बुधवारी दुपारपासून गडी खुशीत. दाढी करायचे, स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करायचे, "कपड्यांतल्या जाणकार बाई आहेत, चुणी दिसली तर काय म्हणतील" असं म्हणायचे. वर्तमानपत्र कोरं राहू लागलं. गुरुवारी कालच्या वर्गाच्या गोष्टी, मंगळवारी उद्याच्या वर्गाची तयारी. आमचे हे तर इतके खूश की म्हणाले, "हे असंच वर्षभर चालू दे." बाईंना वर्षभर वाफेत उभं ठेवून आपल्या घरात शांतता, हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरलाही नाही. मुलगा कुणाचा, ते कळतं.

माझ्या कामाचा एक भाग म्हणजे प्रत्येक टेबलामागे अधूनमधून बसून बघणं. सुरू करणं कुणालाही जमतं, पण 'झालं, आता तुम्हाला माझी गरज नाही' हे सांगताना भल्याभल्यांची जीभ जड होते. ते वेळेवर सांगितलं जातंय ना, हे मी बघत असते. एका बुधवारी मी मामंजींच्या मागे बसले. बाई वाचत होत्या, मामंजींचं बोट ओळीखालून सरकत होतं. बोट अजून पानाच्या मध्यावर होतं आणि बाईंनी पान उलटलं. लगेच भानावर येऊन परत मागे घेतलं. "हात लागला," म्हणाल्या. आणि मग बोट होतं तिथून पुढे, एका शब्दाशी अडखळल्या.

हात लागून पान उलटत नाही. त्यांचे डोळे केव्हाच पान संपवून बसले होते. मी सावध झाले आणि नीट बघायला लागले. बाई वाटेल तिथे अडखळत नव्हत्या, निवडून अडखळत होत्या. जिथे मामंजींना काहीतरी सांगण्यासारखं असेल अशाच शब्दाशी थांबायच्या. वीज, खांब, कचेरी. मामंजी लगेच पुढे सरसावायचे, गोळी गालात सारायचे आणि त्या शब्दावरून आपल्या नोकरीतली एक हकिगत सांगायचे. बाई हनुवटीला हात लावून ऐकायच्या. शिकवणारा कोण आणि त्याचा वेळ घालवून देणारं कोण, हे मागच्या खुर्चीवरून लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी धुलाईघरात गेले. आत पाऊल टाकलं तशी चष्म्यावर वाफ धरली. बाई इस्त्रीयंत्राच्या तोंडाशी उभ्या होत्या. बाहेर येणारी चादर त्यांनी उचलली, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि घडी घालायला लावली. रिकाम्या हातांनी तिथे कुणी उभं राहत नाही. शेजारची मुलगी एक गठ्ठा घेऊन आली, तशी बाई चिठ्ठीकडे नुसती नजर टाकून म्हणाल्या, "प्रसूती, दुसरा मजला. डाग तपासून पाठव."

मी म्हटलं, "तुम्हाला वाचता येतं."

"येतं की ताई. लिहिताही येतं. कधीचं."

"मग बुधवारी हे काय चाललंय?"

त्या घडीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार महिने झाले असतील. एक पान मी न थांबता वाचलं. मला इतका आनंद झाला. वर बघितलं तर सरांनी पुस्तक मिटलेलं. म्हणाले, चला, म्हणजे आता आमचं काम संपलं. हसून म्हणाले हो, पण चेहरा असा पडला, तुम्हाला काय सांगू. माझे वडील शेवटी शेवटी तसे बसायचे दारात. पुढच्या बुधवारी माझी हिंमतच झाली नाही. अडखळले मुद्दाम. तर केवढे खुलले."

"आणि मुकादमाची जागा?"

"साहेब विचारतीलच सरांना. सर चांगलंच सांगतील ना माझ्याबद्दल."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. कारण साहेबांनी विचारलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी घरी फोन आला होता आणि मामंजींनी माझ्यादेखत सांगितलं होतं, "बाई अजून कच्च्या आहेत. घाई करू नका." फोन ठेवून मला म्हणाले होते, आपण खोटं सर्टिफिकेट देत नाही. मला वाटलं होतं, शिकवणारा माणूस सांगतोय, असेल तसं.

त्या माणसाला चार महिने समोर बसून कळू नये? तक्रार विभागात उभी हयात गेली आणि समोरची बाई दर आठवड्याला खोट्या चुका करतेय हे दिसू नये? पण ते दिसायला चुकांवरून नजर हलवावी लागते, आणि ती कुवत आमच्या मामंजींकडे कधीच नव्हती.

मी लगेच साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच सूनबाई ना? सासरे म्हणतात येत नाही, सून म्हणते येतं. आधी तुमच्या घरात ठरवा. मी बाहेरची एक बाई बघून ठेवली आहे." फार गळ घातली तेव्हा बुधवारी वर्गात येऊन स्वतः ऐकायला तयार झाले. मी बाईंना म्हटलं, "त्यापेक्षा आत्ताच त्यांच्या खोलीत जाऊन वाचून दाखवा." तर त्या ऐकेनात. "सरांच्या पाठीमागे नको. त्यांनी शिकवलंय, त्यांच्यासमोरच वाचीन. त्यांनाही मान मिळू दे." एवढा चांगुलपणा माणसाने बाळगू नये, तो दुसऱ्याच्या कामी येतो आणि आपल्याला नडतो.

घरी येऊन मी मामंजींना सरळ सांगितलं. ते चहा पीत होते.

"मामंजी, बाईंना वाचता येतं. चार महिन्यांपासून येतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्या चुका करतात."

"काहीतरीच. त्यांची जोडाक्षरं अडतात. मी दर आठवड्याला बघतो."

"तुमच्यासाठीच अडवतात त्या."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या बाई माझ्यावर दया करतात असं म्हणायचंय तुला." आणि उठून आत गेले. आमचे हे माझ्यावर चिडले, वयस्कर माणसाला असं तोंडावर सांगतात का म्हणाले. मी म्हटलं, तोंडावर न सांगण्यातच चार महिने गेलेत, आता बास.

बुधवार आला. मामंजी येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. माझ्या पुढे दहा पावलं चालत. टेबलाशी बसले ते आंबट चेहऱ्याने, बाई आल्या तरी त्यांच्याकडे न बघता. मामंजींना मी सगळं सांगितलंय, हे बाईंना ठाऊक नव्हतं. साहेब यायच्या आत बाईंना गाठून सांगावं म्हटलं, तर ते बाईंच्याच मागोमाग जिना चढून आले. साहेब घाईत होते. खुर्चीच्या टोकावर बसले आणि वाचनालयाचं एक मासिक उघडून पुढे ठेवलं.

"वाचा बाई."

बाईंनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. पहिल्या चार ओळी अशा वाचल्या की साहेब खुर्चीवर मागे टेकून बसले. मी मनात म्हटलं, जिंकलं. आणि बाईंनी एकदा वर बघितलं. मामंजींकडे. तो उतरलेला चेहरा त्यांना दिसला. आपलं काम संपणार म्हणून सरांचा चेहरा पुन्हा पडला, असंच त्यांना वाटलं असणार, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. पुढच्या ओळीत 'कार्यालय' हा शब्द होता. बाई त्याच्याशी थांबल्या.

मामंजींना सगळं ठाऊक होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, नाहीतर "वाचा, तुम्हाला येतंय" एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द अडला आणि हा गृहस्थ पुढे सरसावला. बोट शब्दाखाली ठेवलं आणि म्हणाला, "का-र्या-लय. बघा, आमच्या कार्यालयात एकदा काय झालं..."

त्या क्षणी मला त्यांचा जो तिटकारा आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

साहेबांनी ती हकिगत सभ्यपणे पूर्ण ऐकली. मग उठले. "प्रगती छान आहे. चालू ठेवा," म्हणाले आणि दाराकडे निघाले. साहेब जिन्याशी पोचले तेव्हा मामंजी एकदम जागे झाल्यासारखे उभे राहिले.

"साहेब, थांबा. बाईंना सगळं येतं. त्या मुद्दाम अडतात."

"फोनवर तर तुम्ही उलट म्हणाला होतात."

"मी चुकीचं सांगितलं."

हे शब्द मामंजींच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नव्हते, सासूबाईंनीही ऐकले नसावेत. पण साहेबांना त्याची काय किंमत? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं, आणि घरातल्या घरात काय ठरलं ते समजल्यासारखं हसले. "तुम्ही मनाने चांगली माणसं आहात," म्हणाले. "पण मला उद्यापासून मुकादम हवाय." आणि जिना उतरून गेले.

बाकीच्या टेबलांवरचं वाचन थांबलं होतं. मग बाईंनी मासिक स्वतःकडे ओढलं आणि वाचायला लागल्या. पहिल्या ओळीपासून. मोठ्याने. कार्यालय आलं आणि गेलं. पान संपलं, त्यांनी उलटलं, ते संपलं, पुन्हा उलटलं. श्वास पुरत नव्हता तिथे थांबल्या, शब्दासाठी कुठेही थांबल्या नाहीत. समोरची खुर्ची रिकामी होती. मामंजी उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते, मधे एक अक्षर बोलले नाहीत.

लेख संपला. बाईंनी मासिक मिटलं आणि डोळे पुसले. आणि पुन्हा त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या सर. मलाच त्या वेळी काय झालं कोण जाणे. तुमचा चेहरा बघितला आणि जीभच वळेना. मिळेल पुढे कधीतरी जागा."

मामंजी म्हणाले, "बाई, तुमचं झालं. पुढच्या बुधवारपासून येऊ नका."

"बरं सर," बाई म्हणाल्या. पिशवी घेतली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. सकाळी त्यांना पुन्हा वाफेत उभं राहायचं होतं.

आम्ही घरी निघालो. रस्त्याने मामंजी माझ्या पुढे नव्हते, बरोबर चालत होते. दुकानं बंद होत होती. चालता चालता त्यांनी विचारलं, "मला कसं कळलं नाही ग?"

"तुम्ही चुका ऐकत होतात मामंजी. त्या काय वाचतायत ते ऐकतच नव्हतात."

मला वाटलं, आता तरी त्या बाईंबद्दल काही म्हणतील. त्यांच्या श्वासाबद्दल, त्या खिडकीखालच्या खुर्चीबद्दल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"सूनबाई, आता बुधवारी संध्याकाळी मी काय करू?"

हा प्रश्न या माणसाने चार महिन्यांपूर्वी आपल्या घरात, आपल्या मुलाला विचारला असता, तर त्या बाई उद्या त्या खुर्चीवर बसल्या असत्या. घरातल्या कुणाला विचारायचं या माणसाला धाडस झालं नाही, आणि न विचारताच एका परक्या बाईने दर बुधवारी अडखळून त्याचं उत्तर दिलं होतं.